पाण्यातले बूट, मुक्कामाच्या चपला

सांदणीत उतरण्याआधी वाटाड्या एकदा सगळ्यांच्या पायांकडे बघून घेतो. बोलत काहीच नाही. पण ज्याच्या पायात गुळगुळीत तळव्याचे कॉलेजचे बूट दिसतात त्याला तो आपल्या मागे दुसऱ्या नंबरवर घेतो, आणि ज्याने दुकानातून कालच आणलेले घोट्याच्या वर जाणारे जाडजूड ट्रेकिंग शूज घातलेत त्याच्याकडे बघून किंचित हसतो. त्या हसण्याचा अर्थ पहिल्या डोहात कळतो.

सांदण म्हणजे साम्रदजवळची दरी. पुण्याहून नाशिक रस्त्याने संगमनेर, मग अकोले, राजूर आणि तिथून भंडारदरा धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रतनगडाच्या अंगाला जायचं. १९२६ साली बांधून झालेल्या त्या धरणाच्या पलीकडे, सह्याद्रीची धार जिथे एकदम कोकणात कोसळते, तिथे साम्रद वसलंय. गावाबाहेर पठार सपाट दिसतं आणि त्या सपाटीतच कातळाला एक भेग पडली आहे. आत शिरलं की दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांच्या उभ्या भिंती, मध्ये काही ठिकाणी जेमतेम आठ-दहा फुटांची वाट, आणि ती वाट म्हणजेच पाण्याचं पात्र. दरीला दुसरी वाट नाही. पाणी जिथून गेलं तिथूनच आपण जायचं. पावसाळ्यात तिथे उतरण्याचा विचारही करू नये. वर पठारावर सर आली तर खाली पळायला जागा नसते. खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा प्रवाह थांबलेला असतो, डोह तेवढे उरतात, आणि तळाशी ऊन क्वचितच पोचत असल्यामुळे ते पाणी हाडांत शिरतं.

मी सह्याद्रीत बऱ्याच वाटा चाललो आहे, पण पायातल्या वस्तूचा इतका निर्दय हिशेब सांदणीइतका कुठे होत नाही. एरवी डोंगरात बूट घसरला, चावला, जड झाला तरी माणूस निभावून नेतो. इथे एकाच दिवसात कमरेपर्यंत पाणी, शेवाळलेला कातळ, घरापेक्षा मोठाले धोंडे, दोरावरून उतरायचे रॉक पॅच आणि शेवटी ओढ्याकाठचा मुक्काम, असं सगळं एका पायाला सोसायचं असतं.

पहिल्या डोहाशी आमच्यातल्या बँकेत नोकरी करणाऱ्या मित्राने अभिमानाने सांगितलं, "माझे वॉटरप्रूफ आहेत." खोटं नव्हतं ते. त्या बुटांच्या आतल्या पातळ पडद्याची रचनाच अशी असते की घामाची वाफ बाहेर जाते आणि पाण्याचा थेंब आत येत नाही. ओल्या गवतातून, चिखलातून, बर्फाच्या कडेने चालताना याहून चांगलं काही नाही. पण तो पडदा घोट्यापर्यंतच असतो, आणि डोह मांड्यांपर्यंत होता. पाणी वरच्या तोंडातून शिरलं, आणि जो पडदा पाण्याला आत येऊ देत नाही तो बाहेर तरी कसा जाऊ देईल? पलीकडे निघून त्याने एका धोंड्यावर बसून पाय वर केला तेव्हा बूट म्हणजे बादलीच झाली होती. लेस सोडून, बूट काढून, ओतून, मोजा पिळून, पुन्हा सगळं बांधून होईस्तोवर आम्ही पुढच्या वळणावर जाऊन शेंगदाणे खात बसलो होतो. पुढे दुसरा डोह आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही.

पाण्यातून चालायचं असेल तर बुटाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पाणी आत येतं का, हे विचारूच नका, ते येणारच. आलेलं पाणी किती पावलांत बाहेर जातं, ते विचारा. माझ्या पायात सांदणीसाठी ठरलेली जोडी असते ती जाळीदार कापडाची, पळायच्या बुटांच्या जातीची, जुनी. डोहातून बाहेर आलो की दहा-पंधरा पावलं पचपच आवाज होतो आणि मग थांबतो. आत स्पंज कमी, जीभ पातळ, चामडं कुठेच नाही. चामडं ओलं झालं की फुगतं, जड होतं आणि वाळताना आखडतं. म्हणून चामड्याचे सुंदर बूट आणि आपली कोल्हापुरी दोन्ही ओढ्यापासून लांबच शोभतात. जुने ट्रेकर म्हणतात की पायावरचं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंच्या बरोबरीचं. भिजलेल्या बुटाने दिवसभर धोंड्यांवर उड्या मारून बघा, त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

पाणी बाहेर काढायची युक्ती लष्करालाही शोधावी लागली होती. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांना जे जंगल बूट दिले, त्यांच्या आतल्या बाजूला, पावलाच्या कमानीशी, पाणी जायला छोटी जाळीदार भोकं ठेवलेली होती आणि वरचा भाग चामड्याऐवजी कापडाचा होता. आपल्याकडे आमच्या आधीच्या पिढीने सह्याद्री पालथा घातला तो कॅनव्हासच्या हंटर शूजवर. स्वस्त, हलके, कापडाचे. पाणी आपोआप झिरपायचं. आज ते घालून कुणी आला तर पोरं हसतात. हसू नये.

आमच्या वाटाड्याच्या पायात मात्र यातलं काहीच नव्हतं. गावच्या बाजारात मिळतात तसे एकसंध प्लॅस्टिकचे काळे बूट, बाजूला खाचा, आत मोजा नाही. पाण्यात पाय घातला की खाचांतून पाणी आत, पाय उचलला की बाहेर. वाळायचा प्रश्नच नाही, कारण भिजण्यासारखं त्यात काही नाहीच. भातलावणीला, गुरांमागे, करवंदं आणायला, सगळीकडे हेच बूट. मी विचारलं, "दादा, घसरत नाहीत का?" तो म्हणाला, "घसरतात की. पण कुठं घसरणार ते मला ठाव असतं."

हे त्याचं वाक्य हजारो रुपयांच्या बुटांवर भारी आहे, पण ते त्याचं आहे. त्याला प्रत्येक दगड माहीत आहे, आम्हाला नाही, त्यामुळे तळव्याचा विचार आम्हाला करावाच लागतो. दुकानात खोल दातांचा तळवा दाखवतात आणि 'जबरदस्त ग्रिप' म्हणतात. तो चिखलासाठी आणि घसाऱ्यासाठी. गुळगुळीत ओल्या कातळावर मात्र रबराचा जितका भाग दगडाला टेकेल तितकं बरं; दात खोल आणि विरळ असले की टेकायला रबर उरतं किती? दुसरी गोष्ट रबराच्या मऊपणाची. मऊ रबर दगडाला बिलगतं पण लवकर झिजतं, कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं आणि ओल्यावर दगा देतं. बूट विकत घेताना नखाने तळवा दाबून बघावा. दुकानदार बघत राहतो, बघू द्यावं.

आणि शेवाळ आलं की रबर कसलंही असो, भरवसा संपतो. बूट तेव्हा दगडावर नसतोच, त्यावरच्या बुळबुळीत थरावर असतो. जपानमध्ये ओढ्यांतून आणि धबधब्यांच्या कडेने वर चढत जायचा सावानोबोरी नावाचा प्रकारच आहे. तिथले लोक पूर्वी त्यासाठी भाताच्या पेंढ्यापासून वळलेल्या वाराजी चपला घालत. ओला पेंढा शेवाळाच्या थरातून आत घुसून दगड पकडतो. पुढे त्याच तत्त्वावर तळव्याला फेल्ट लावलेले बूट आले. पण फेल्ट सहज वाळत नाही आणि त्यात अडकलेलं सूक्ष्म शैवाल एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं, म्हणून न्यूझीलंडने २००८ साली मासे पकडणाऱ्यांच्या फेल्टच्या तळव्यांवर बंदी घातली. त्याच न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी बर्फाळ उतारावर बुटांवरून मोजे चढवले तर माणूस कमी घसरतो, हे दाखवून २०१० सालचं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं बक्षीस, मिळवलं. आमच्या ग्रुपमध्ये एक बाई शेवाळाच्या पट्ट्यात खरोखरच बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवतात. दिसायला विनोदी, पण त्या पट्ट्यात मी त्यांच्या मागेमागेच चालतो.

फ्लोटर घालून येणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. पट्ट्यांच्या सँडल नदीसाठीच जन्मल्या, हे खरं. १९८४ साली ग्रँड कॅनियनमध्ये बोटी वल्हवणाऱ्या मार्क थॅचर या गाइडने रबरी चपलेला मागून वेल्क्रोचा पट्टा लावला आणि त्यातून तेवा सँडल निघाली. पण तो माणूस बोटीत बसत होता. बोटीतून काठावर, काठावरून बोटीत, एवढं चालायला ती उत्तम. सांदणीच्या डोहात पाय टाकताना तळ दिसत नाही. पाऊल दोन धोंड्यांच्या फटीत जातं आणि पुढे सगळ्यात आधी पोचते ती करंगळी. शिवाय प्रत्येक डोहातून मुठीभर खडे तळव्याखाली येतात. फ्लोटरवाले म्हणतात, काढून टाकायला सोपे. हो, सोपे. पण दर पन्नास पावलांवर. बोटं झाकणारी, पुढे रबराचा जाड ओठ असलेली सँडल असेल तर मी वाद मागे घेतो.

अनवाणी उतरण्याची तर काहींना हौसच असते. त्यांच्याविषयी काय लिहायचं.

थंडीचा मुद्दा वेगळा. आपल्याकडे पाणी कितीही गार असलं तरी डोह ओलांडायला काही मिनिटंच लागतात. अमेरिकेत उटाह राज्यात झायॉनमधल्या नॅरोज नावाच्या घळीत लोक व्हर्जिन नदीच्या पात्रातून तासन्‌तास चालतात. माझी भाची तिकडे राहते. ती सांगते की जवळच्या स्प्रिंगडेल गावात त्यासाठी खास बूट, निओप्रीनचे मोजे आणि एक लांब लाकडी काठी भाड्याने मिळते. निओप्रीन पाणी अडवत नाही. आत शिरलेलं पाणी धरून ठेवतं, आणि ते पायाच्या उबेने कोमट होतं. नदी सेकंदाला १५० घनफुटांच्या वर वाहू लागली की ती वाटच बंद करतात. सांदणीत मोज्यांचं एवढं कौतुक लागत नाही. पातळ नायलॉनचे किंवा लोकरीचे चालतात, सुती मात्र नकोत. सुती मोजा पाणी पितो, चुण्या पडतात, आणि त्या चुण्यांवर चालून फोड येतात. काठी मात्र मी तिच्याकडून उचलली. डोहात पाऊल टाकायच्या आधी तळ चाचपायला बुटापेक्षा काठी शहाणी.

दोराने उतरायचा पहिला टप्पा संपला आणि एकाच्या उजव्या बुटाने जबडा उघडला. तळवा पुढच्या टोकापासून सुटून टाचेला लोंबत होता. बूट जुना होता पण जेमतेम वापरलेला, कपाटात पडून राहिलेला. हा सह्याद्रीतला नेहमीचा अपघात आहे आणि लोक उगाच दगडांना दोष देतात. बुटाच्या तळव्यातला मऊ थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने त्याची रचना हळूहळू मोडत जाते. बूट वापरात असेल तर तो दाबला जाऊन ओल बाहेर पडत राहते. डब्यात बंद असलेला बूट वरून नवाकोरा दिसतो आणि आतून भुसा झालेला असतो. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यातून चार-पाच वर्षं गेलेला बूट घालून थेट दरीत उतरू नये. आधी घराजवळच्या टेकडीवर नेऊन आणावा.

वाटाड्याने खिशातून सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी काढली. बूट पायातच ठेवायला लावला. पट्टीचा मधला भाग तळव्याखाली बोटांच्या गादीशी धरला, दोन्ही टोकं वर आणून लेसच्या पहिल्या घरांखालून ओढली, ताणून फुली मारली, मग घोट्यामागून फिरवून पुढे आणली आणि गाठ बुटाच्या बाहेरच्या बाजूला घातली. "आत घातली तर दुसऱ्या पायाला घासती," एवढंच बोलला. दोरी झिजते, कापली जाते. ट्यूब ताणली जाते आणि कातळाला धरतेही. त्या पट्टीवर तो बूट दुसऱ्या दिवशी करोली घाट चढून साम्रदला पोचला. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये नवीन बूट घेतला की आधी मोच्याकडे नेऊन तळव्याला चौफेर शिलाई मारून घ्यायची रीत पडली आहे. मोची म्हणतो, "नवाच आहे की!" त्याला म्हणायचं, मारा तुम्ही.

दरी खाली उघडते तिथे बाणचा सुळका समोर येतो. त्याच्या पायथ्याच्या अंगाला, ओढ्याकाठी जरा सपाट जागा बघून आम्ही पथाऱ्या टाकल्या. इथे दिवसाच्या बुटाचं काम संपतं आणि दुसऱ्या जोडीचं सुरू होतं. या दुसऱ्या जोडीकडे लोक चैन म्हणून बघतात. सॅक भरताना वजन कमी करायला सगळ्यात आधी तीच बाहेर काढतात. माझ्या मते तंबूचा एखादा खिळा विसरला तरी चालेल, पण मुक्कामाच्या चपला विसरू नयेत.

कारण पाय. दिवसभर भिजलेल्या बुटातून पाय काढला की कातडी पांढरी आणि सुरकुतलेली असते. ती मऊ झालेली कातडी पुन्हा ओल्या मोज्यात कोंडून ठेवली की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होणारच. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायका हे दुखणं दरवर्षी काढतात. खोबरेल लावतात, मेंदीचा पाला वाटून थापतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या पाण्यात दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या सैनिकांचे पाय सडले आणि बोटं कापावी लागली, ती याच वाटेवरची पुढची पायरी. म्हणून मुक्कामावर पोचल्यावर चहाच्या आधी बूट. पाय धुवायचे, बोटांमधून कोरडे पुसायचे, अर्धा तास वाऱ्यावर ठेवायचे, खोबरेल चोळायचं. आणि एक लोकरी मोज्यांची जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत फक्त झोपण्यासाठी. ती कुणालाही उसनी द्यायची नाही, सख्ख्या भावालाही.

चप्पल कोणती? अंगठ्याची पट्टी असलेली चप्पल मोज्यांवर चढत नाही, ही तिची मुख्य खोट. क्रॉक्ससारखे फोमचे जोडे मला सगळ्यात बरे वाटतात. ते २००२ साली अमेरिकेत बोटीवर घालण्यासाठी म्हणून बाजारात आले. बंद छिद्रांचा फोम असल्यामुळे पाणी पीत नाहीत, वजन नगण्य, मोज्यांसकट पाय आत जातो, बोटं झाकलेली राहतात. दोष एकच: तरंगतात. ते सॅकच्या बाहेर लटकवायची फॅशन आहे, आणि दुसऱ्या डोहात आमच्या पुढच्या ग्रुपमधला एक निळा जोडा पट्टीतून सुटून शांतपणे भिंतीकडे निघून गेला होता. मालक छातीभर पाण्यात उभा राहून त्याला काठीने बोलावत होता. बाहेर लटकवायचे तर मागचा पट्टा कॅराबिनरमध्ये अडकवा.

बोटं झाकलेली असावीत असं मी म्हणतो ते नुसत्या ठेचेसाठी नाही. या डोंगरांच्या पायथ्याला, कोकणच्या अंगाला, लाल विंचू आहे आणि फुरसंही आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू खूप खाली आणले, त्यामुळे आज तो दंश पूर्वीसारखा जिवावर बेतत नाही. पण औषध दवाखान्यात असतं आणि आपण दरीच्या तळाशी. फुरसं जेमतेम दीड-दोन फुटांचं, वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचं, आणि रात्री हिंडणारं. लघवीला उठताना अनवाणी जायचं नाही, टॉर्चशिवाय तर नाहीच. सकाळी बूट घालण्याआधी उलटा करून दोनदा आपटायचा. आमच्या आज्या जोडे झटकायला लावायच्या ते उगाच नव्हे.

रात्री बूट वाळवण्यावरून नेहमीचा गोंधळ झाला. एकाने शेकोटीच्या अगदी कडेला बूट मांडले. बुटाचा तळवा गोंदाने चिकटवलेला असतो आणि तो गोंद उष्णतेने मऊ पडतो; बूट वाळतात खरे, पण दोन तुकड्यांत. वाटाड्याने काही न बोलता ते काठीने मागे ओढले. खरा उपाय म्हणजे आतला तळ काढून वेगळा ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे. त्यासाठी मी रविवारच्या पुरवण्या नेतो. त्यांना पानं जास्त असतात.

सकाळी बूट तरीही ओले होते. होतातच. काहीजण करोली घाटाची चढण चपलांवर करायला निघाले, कारण कोरड्या पायांना ओला बूट नको वाटतो. पहिल्या घसाऱ्यावर सगळे परत बुटांत आले. कोरडी जोडी पुन्हा पिशवीत आणि कालचे पिळलेले मोजे पायात, हे पाच मिनिटं सहन करावं लागतं. मग पाय स्वतःच मोजा गरम करतो आणि विसरायला होतं. घाटात पाणी नाही, नुसता चढ आणि कारवीची झाडी. साम्रदला मावशींनी पिठलं-भाकरी वाढली तोवर बूट अंगणात उन्हात वाळून खडखडीत झाले होते.

परतताना राजूरला गाडी थांबवली. बाजारपेठेतल्या चपलांच्या दुकानात वाटाड्याच्या पायात होते तसे काळे बूट टांगलेले होते. बँकेतल्या मित्राने नऊ नंबर मागितला. दुकानदार म्हणाला, आठच्या पुढे ठेवत नाही, इकडं लागत नाहीत. मग याच्या पायाकडे बघून त्याने विचारलं, "शेतात घालायचे?"

"नाही, ट्रेकला."

"मग संगमनेरला बघा," दुकानदार म्हणाला, "आन मोजा घालून माप घ्या. नुसत्या पायाला हे टाचेत चावत्यात."